आमच्या मुलाचं कसं होणार? पुण्यातल्या दिव्यांग मुलांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थेरपी सेंटरच्या बाहेर एक बाक असतो. सेंटर कर्वेनगरात असो, हडपसरला असो की चिंचवडला, बाक तोच. एका टोकाला चपलांचा ढीग, दुसऱ्या टोकाला डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत बसलेली आई, कधी आजी, क्वचित बाबा. आमच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. ती आता १४ वर्षांची आहे, म्हणजे त्या बाकावर माझी तेरा वर्षं गेली. शेजारी नव्याने येऊन बसणारे आईबाप जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही आणि विशेष शिक्षिकाही नाही. औषधोपचाराचं डॉक्टरांना विचारा. बाकीचं मला माहीत आहे तेवढं सांगते.

निदान कालच कळलं. सगळ्यात आधी काय करू?

जेवा आणि झोपा. पहिल्या आठवड्यात रात्ररात्र मोबाईलवर शोधून फक्त डोळे सुजतात.

मग एक जाड फाइल आणा. तिच्यात सर्वांत वर जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड लावा. मूल किती आठवड्यांचं झालं, वजन किती होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती चढली होती, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. कारण इथून पुढे प्रत्येक नवा डॉक्टर, प्रत्येक नवी थेरपिस्ट पहिला प्रश्न तोच विचारणार आहे: "जन्मल्यावर लगेच रडली का?" मी हे उत्तर इतक्यांदा दिलं आहे की पुढे पुढे नुसता कागदच पुढे सरकवायला लागले. दर वेळी नव्याने सांगताना दर वेळी नव्याने रडू येतं, आणि ते वाचवता येण्यासारखं आहे.

डॉक्टरांना मात्र एक प्रश्न नक्की विचारा: "पुढच्या तीन महिन्यांत आम्ही घरी काय करायचं?" वीस वर्षांनंतरचं कुणालाच सांगता येत नाही, पण तीन महिन्यांचं सांगता येतं.

सासूबाई म्हणतात, 'याचे बाबाही उशिराच बोलायला लागले.' थांबून बघू का?

थांबू नका. सासूबाई खऱ्या ठरल्या तर पेढे वाटा, पण तपासणी करून.

साधारण खुणा अशा: चार महिन्यांचं होऊनही मान धरत नाही, नऊ महिन्यांनी बसत नाही, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षाला चालत नाही, दोन वर्षांचं होऊनही 'पाणी दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी बोलत होतं ते बंद झालं. यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. बोलणं अडलं असेल तर कानांची तपासणी आधी करून घ्या. टाळी वाजवली की बघतं, म्हणून ऐकू येतं असं आपण धरून चालतो, पण थोडं कमी ऐकू येणारी मुलं घरच्यांना सहज चकवतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत आरोग्य पथक येऊन ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करतं आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवतं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या मॉरिस बालविकास केंद्रासारख्या जागाही आहेत, तिथे वेगवेगळे तज्ज्ञ एकाच छताखाली मूल बघतात. पहिल्या तीन वर्षांत मेंदू जेवढा लवचीक असतो तेवढा पुढे राहत नाही, म्हणून ही घाई.

माझं काही चुकलं का? घरात सगळे ग्रहणाचं बोलतात.

नाही चुकलं.

ग्रहणात भाजी चिरल्याने ओठ फाटत नाही आणि सुई धरल्याने पाय वाकडा होत नाही. सेरेब्रल पाल्सीत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहान वयात इजा झालेली असते. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त येते. आईने काय खाल्लं, काय पाहिलं याच्याशी तिचा संबंध नाही. स्वमग्नता (ऑटिझम) आईच्या नोकरीमुळे येत नाही आणि लशीमुळेही येत नाही. लशीचा तो संबंध सांगणारा १९९८ चा शोधनिबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी धाकट्याला लस द्यायला घाबरणारे पालक मला आजही भेटतात. द्या हो लस. गोवराने येणारं अपंगत्व खरं असतं.

आणि एक, बाबांसाठी. आईला कुणी बोललं तर तुम्ही तिथे बोला. खोलीत आल्यावर "तू लक्ष नको देऊस" म्हणणं पुरेसं नाही.

मूल पूर्ण बरं होईल का? एका ठिकाणी इंजेक्शनने फरक पडतो असं सांगितलंय.

ही मुलं आजारी नाहीत, त्यामुळे 'बरं' हा शब्दच इथे नीट बसत नाही. मूल शिकेल, बदलेल, आज अशक्य वाटतं ते कदाचित पाच वर्षांनी सहज करेल. अपंगत्व बहुतेकदा सोबत राहील.

स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी पैसे घेऊन स्टेम सेल (मूळ पेशी) देणाऱ्यांपासून लांब राहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही ठरावीक आजारांवरचे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आम्हीही एकदा फसलो होतो. स्टेम सेलने नाही, एका तेलाने. तीन महिने मालिश केली, घरभर वास आणि गाद्यांवर डाग. लेक मात्र खूष होती, कारण रोज तासभर बाबा शेजारी बसून गाणी म्हणायचे.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांच्याकडे तो असतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी वेगळीकडे असते, पण विचारण्याचा हक्क तोच.

'पॉझिटिव्ह राहा' असं सगळे सांगतात. म्हणजे नक्की करायचं काय?

या वाक्याचा मला इतका कंटाळा आला होता की कुणी म्हटलं की मी विषय बदलायचे. सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार पाठवणारी मंडळी संध्याकाळी "आज जरा तिला तासभर सांभाळता का?" विचारलं की गायब.

मला विचाराल तर सकारात्मक वृत्ती चेहऱ्यावर शोधू नका, घरातल्या कामांच्या वाटपात शोधा. घरात पाच माणसं आहेत, चौघांकडे कामं आहेत आणि पाचव्याकडे काहीच नाही, तर त्या पाचव्याला आपण पाहुणा करून ठेवलंय. पाहुण्याचे लाड होतात, पण घर त्याचं नसतं.

आमच्याकडे हे फार उशिरा लक्षात आलं. लेक सात वर्षांची होती. डावा हात बरा चालतो, उजव्याची मूठ वळलेली असते, चालताना भिंतीचा आधार लागतो. रात्रीची ताटं घ्यायचं काम तिचं, असं आम्ही ठरवलं. स्टीलचं ताट डाव्या हाताने छातीशी धरायचं, उजव्या कोपराने भिंत धरायची, ओट्यापासून टेबलापर्यंत सहा पावलं, ताट ठेवायचं, परत. पाच ताटं म्हणजे पाच फेऱ्या, वाट्यांच्या वेगळ्या. पहिल्या दिवशी तीन ताटं पडली. तिसऱ्या आवाजाला सासूबाई उठल्या, "अगं राहू दे गं, मी घेते." त्यांना बसवायला मला लेकीला शिकवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. नियम एवढाच होता: कुणी उठायचं नाही. वीस मिनिटं लागायची, आमटी निवायची, पुन्हा गरम करायची. महिन्याभराने बारा मिनिटांवर आलं. एके दिवशी मावसदीर अचानक आले आणि तिने कुणी न सांगता सहावं ताट घेतलं. मोजून. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, ते बाहेर कुणाला कळलं नाही.

आता ती कधी कधी संपही करते. "आज मी नाही घेणार." मग तिलाही बोलणी बसतात, भावाला बसतात तशीच. शेजारच्या काकूंना हे कठोर वाटतं. पण जिच्यावर कुणी कधी रागावतच नाही तिच्याकडून कुणाला काही अपेक्षाच नाही, हे मुलांना बरोबर कळतं. प्रत्येक छोट्या गोष्टीला टाळ्या वाजवणंही तसंच. सात वर्षांच्या ताटाला टाळ्या ठीक, चौदा वर्षांच्या ताटाला नुसतं "हं, चला जेवायला."

दिवसभर नोकरी. घरी थेरपीला वेळ कुठून काढू?

वेगळा काढूच नका. मटार सोलणं म्हणजे बोटांचा व्यायाम. कणकेचा गोळा दाबणं, लाटणं फिरवणं, भिजवलेल्या शेंगदाण्यांची सालं काढणं, कपड्यांचे चिमटे लावणं, कुंड्यांना पाणी घालणं, सगळं त्यातच येतं. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) मॅडमनी रंगीत मणी ओवायला दिले होते, लेकीने ते सोफ्याखाली ढकलले. मटार मात्र ती तासभर सोलते, कारण निम्मे तोंडात जातात.

बोलण्याचंही असंच. मूल बोलत नसेल तर प्रश्नांचा भडिमार थांबवा. भाजी निवडताना आपण करतोय ते बोलत राहा आणि उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजा. दहा फार वाटतात, बहुतेक घरांत तीनच्या पुढे कुणी थांबत नाही. शब्द येत नसतील तर चित्रं, खुणा, मोबाईलवरची चित्रं बोलून दाखवणारी ॲप्स वापरा. त्याने मूल बोलायचं थांबेल ही भीती खोटी आहे. आपलं म्हणणं पोचतंय हे कळलं की बोलायची हौस वाढते.

नेहमीची शाळा की विशेष शाळा?

बाकावर सगळ्यांत जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात.

कायद्याची बाजू आधी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया हे त्यात नव्याने आले. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे निवड तुमची, शाळेची नाही. शिवाय आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित घटकात मोडतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं, दाखल्यासाठी उगाच तहसील कचेरीत खेटे घालतात.

आता माझं मत. गल्लीतली मुलं ज्या शाळेत जातात तिथे आधी प्रयत्न करा. कारण शाळा सुटल्यावर खाली खेळायला तीच मुलं असतात. आमच्या लेकीला दुसरीत नीट लिहिता येत नव्हतं, पण सोसायटीतल्या आठ मुलांना तिचं बोलणं कळत होतं, आणि ते आठ जण कुठल्याही थेरपीत मिळत नाहीत.

पण 'समावेशन' म्हणजे मागच्या बाकावर बसवून ठेवणं नव्हे. मूल वर्गात असेल आणि वर्ग त्याच्यात नसेल, तर विशेष शाळा हजार पटीने बरी. अंध मुलाला ब्रेल आणि पांढरी काठी, कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारी दोस्तमंडळी विशेष शाळेत जशी मिळतात तशी इतरत्र क्वचितच मिळतात. पुण्यात ही परंपरा जुनी आहे. पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड १९३४ पासून आहे, मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी गोखलेनगरची कामायनी आहे. राजभवनाजवळची बाल कल्याण संस्था शाळा नव्हे, पण खेळ, पोहणं, गाणं यासाठी तिथे मुलं जातात.

काही मुलं आधी विशेष शाळेत तयार होऊन मग नेहमीच्या शाळेत जातात, काही उलट. शाळा बदलली म्हणजे हरलात असं नाही.

शाळा म्हणते, 'आमच्याकडे सोय नाही.'

हे वाक्य नेहमी तोंडी असतं, कधी कागदावर येत नाही. म्हणून तुम्ही कागदावर या.

प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि आवक शिक्का मारून पोच घ्या. नकार लेखी मागा. निम्म्या वेळा इथेच सूर बदलतो. आमच्या बाबतीत एका शाळेत "मॅडम, तुमच्या मुलीच्याच भल्यासाठी सांगतोय" असं तीनदा ऐकवलं गेलं. पोच मागितल्यावर मुख्याध्यापक मीटिंगला निघून गेले आणि शिपायाने मला चहा आणून दिला. ती शाळा आम्ही सोडली, पुढच्या शाळेने लेकीचा वर्ग तळमजल्यावर आणला. एवढंच लागत होतं.

सोयी म्हणजे दर वेळी लिफ्ट आणि लाखांचा खर्च नसतो. वर्ग खाली आणणं, फळ्याजवळ जागा, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, स्वच्छतागृहात एक दांडी. कायदा याला वाजवी सोय म्हणतो आणि ती नाकारणं भेदभावात धरतो. महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय तर पुण्यातच आहे, कॅम्पात चर्च पथावर. गडचिरोलीचा माणूस तिथे दोन दिवसांचा प्रवास करून येतो, आपण रिक्षाने जातो.

वर्गशिक्षिकांना काय सांगू?

एक पान. त्यावर काय येतं ते आधी, काय अवघड जातं ते नंतर, आणि चिडलं तर काय करायचं ते शेवटी. वैद्यकीय रिपोर्टांचा गठ्ठा देऊ नका; साठ मुलांच्या वर्गात तो कुणी वाचत नाही आणि दोष त्यांचा नाही. महिन्यातून एकदा, तक्रार नसतानाही भेटा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं की कपाळावर शिक्का बसेल. काढायलाच हवं का?

हवं. शिक्का लोकांच्या डोक्यात असतो, प्रमाणपत्राने फक्त हक्क मिळतात. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, तपासणीसाठी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारखं सरकारी रुग्णालय निवडायचं. मंजूर झालं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं आणि ते देशभर चालतं. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. जुने रिपोर्ट, फोटो, आधार यांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. मुलाचा डबा न्याच, आपल्यासाठीही न्या. रांग मोठी असते.

यावर एसटीच्या तिकिटात सवलत मिळते. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकराच्या ८०डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) निरामय आरोग्य विमा योजनाही आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत.

दहावीचं कसं?

नववीतच कामाला लागा. लेखनिक, दर तासाला २० मिनिटं जादा, काही विषयांत पर्याय अशा सवलती आहेत, पण अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. लेखनिकाबरोबर घरी किमान दहा पेपर सोडवा. तोंडी उत्तर सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे. राज्य मंडळ झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक-दोनदोन विषय देत पुढे जाता येतं.

लोक टक लावून बघतात. लग्नाकार्याला जाणंच बंद केलंय.

आम्हीही दोन वर्षं केलं होतं. त्या दोन वर्षांत नातेवाइकांना तिची सवय व्हायची राहून गेली, आणि मग पहिल्याच मुंजीला सगळे जास्तच बघायला लागले. न्याल तेवढं बघणं कमी होतं.

माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. लहान मुलाने "हिला काय झालंय?" विचारलं तर खरं सांगते: "तिच्या स्नायूंना मेंदूचा निरोप नीट पोचत नाही, म्हणून हळू चालते. तुला तिच्याशी पत्ते खेळायचे का?" मुलांना पहिल्या वाक्यात रस नसतो, दुसऱ्यात असतो. मोठ्यांनी "अरेरे" केलं तर, "तिलाच विचारा ना, सांगेल ती." आणि कुणी "मागच्या जन्मीचं" वगैरे काढलं तर मी मठ्ठा आणायला जाते.

चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणं हा मात्र गुन्हा आहे, ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मला कधी ते कलम काढावं लागलं नाही, पण माहीत असलेलं बरं.

गणपतीत ढोल सुरू झाले की मुलगा डोकं आपटून घेतो. पुण्यात राहून काय करायचं?

स्वमग्न मुलांच्या पालकांचा भाद्रपदातला पहिला प्रश्न. त्या मुलाला आवाज मोठा वाटत नाही, तो दुखतो. हट्ट समजू नका.

आमच्या मजल्यावरच्या मुलासाठी त्याच्या घरच्यांनी काय केलं ते सांगते. जुलैपासून ढोलाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी हळू, रोज दोन मिनिटं, त्याच्या आवडीच्या शेवयांच्या खिरीबरोबर. आवाजाचं बटण त्याच्या हातात. कानांवर बसणारे जाड हेडफोन, कारखान्यात वापरतात तसले. मग एका पथकाच्या सरावाला नदीकाठी, लांबून, पाच मिनिटं. ताशा नाही चालला, ढोल चालला. मिरवणुकीच्या दिवशी मात्र ते सरळ गावाला जातात, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. सोसायटीच्या आरतीला झांजा एका बाजूला ठेवून नुसत्या टाळ्या वाजवायच्या असं त्या वर्षी ठरलं. दोन काका रुसले. तिसऱ्या दिवशी तो मुलगा हेडफोन काढून प्रसाद वाटत होता.

आमचं मूल दिव्यांग नाही, पण वर्गात एक आहे. आम्ही काय करावं?

वाढदिवसाला बोलवा. एवढंच, पण खरंच बोलवा. त्या आईला आधी फोन करून विचारा, "त्याला काय खायला चालतं, जिन्याची अडचण आहे का, तुम्ही थांबता की सोडून जाता?" आमच्या लेकीला पाचवीपर्यंत तीन आमंत्रणं आली, तिन्ही मला तारखेनिशी पाठ आहेत.

घरी तुमच्या मुलाला "त्याच्यावर दया कर" असं शिकवू नका. खेळात त्याला बाद करा, त्याच्याशी भांडा, फक्त नियम असा बदला की त्याला खेळता येईल. आमच्या खालच्या मुलांनी क्रिकेटमध्ये लेकीसाठी धावायला एक माणूस ठेवला होता. कुणी मोठ्यांनी सुचवलं नव्हतं.

दुसऱ्या मुलाकडे दुर्लक्ष होतं.

होतं. आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना म्हणाला, "मला पण पायात पट्टे लावा, मग तू माझ्याकडे पण बसशील." त्यानंतर रविवारी सकाळी तो आणि मी, दोघंच, मिसळ खायला जातो. ताईचा विषय काढायचा नाही हा नियम त्याचा.

'आमच्यानंतर तूच तिला बघायचंस' हे वाक्य लहान मुलाला कधीही ऐकवू नका.

वयात येतेय. फार भीती वाटते.

पाळीबद्दल ती येण्याच्या आधीच सांगा. पॅड लावायचा सराव सहा महिने आधी सुरू करा. मुलगा असेल तर बाबांनी बोलावं. शरीर वाढतं ते बुद्ध्यांक बघून थांबत नाही.

आपल्या मुलांना थेरपीच्या निमित्ताने लहानपणापासून परके हात लागतात, मोठ्यांनी सांगितलं की गप्प पडून राहायची सवय लागते. ती सवय धोक्याची आहे. अंघोळ कोण घालणार, कपडे कोण बदलणार, याची दोन-तीन माणसांची यादी असावी आणि ती मुलाला माहीत असावी. थेरपिस्टनेही हात लावण्याआधी विचारावं. घरात मुलाचं 'नाही' ऐकलं गेलं तरच बाहेर ते निघेल. काही घडलं तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे.

अपंग म्हणू की दिव्यांग?

सरकारी कागदांवर 'दिव्यांग', हा शब्द डिसेंबर २०१५ नंतर रूढ झाला. काही मोठ्या झालेल्या मुलांना तो आवडत नाही, "आमच्यात दिव्य काय आहे?" विचारतात. कर्णबधिर, अंध, स्वमग्न हे सरळ शब्द चालतात. मी तर लेकीला नावाने हाक मारते.

आमच्यानंतर कोण?

हा प्रश्न कुणी बाकावर बसून विचारत नाही. जिना उतरताना विचारतात.

मूल १८ वर्षांचं झालं की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. हा कायदा १९९९ चा. पण ज्याला आपले निर्णय कळतात त्याच्यावर पालक बसवायची गरज नसते, घाईने बसवूही नका. मृत्युपत्र करा, आणि मालमत्ता थेट मुलाच्या नावे ठेवायची की विश्वस्तांमार्फत, हे वकिलाला विचारा. सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी निवृत्तीआधीच नोंदवून ठेवा, नंतर फार पायपीट होते.

आम्ही सध्या बँकेपासून सुरुवात केली आहे. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं चालवता येतं, म्हणून लेकीचं खातं काढायचं ठरलं. तिची सही अजून बसलेली नाही, पहिलं अक्षर दर वेळी चौकटीबाहेर जातं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, दोन नमुने सारखे दिसायला हवेत, सवडीने या. तेव्हापासून रोज रात्री ताटं उचलून झाली की आम्ही दोघी टेबलावर बसून पाच-पाच सह्या करतो. माझ्याही सारख्या येत नाहीत, असं ती म्हणते.